मालधक्क्याकडची बाजू

बीडला रेल्वे आली त्या दिवशी, १७ सप्टेंबर २०२५ला, माझ्या फोनवर दिवसभर एकाच गाडीचे फोटो येत होते. इंजिनाला हार, खिडक्यांतून डोकावणारी पोरं, फलाटावर नऊवारीतल्या आज्या. कित्येक वर्षं मोर्चे काढून आणि दर निवडणुकीत तेच आश्वासन ऐकून मिळालेली गाडी. आनंद व्हायलाच हवा होता आणि मलाही झाला. फक्त खोड अशी, की प्रत्येक फोटोत मी गाडीच्या पलीकडे बघत होतो. माल चढवाय-उतरवायचा फलाट, म्हणजे मालधक्का, कुठे आहे? केवढा लांब आहे? त्यावर छप्पर आहे का? ट्रक वळायला जागा ठेवलीय का? एकाही फोटोत काही दिसलं नाही. कुणी त्या बाजूला कॅमेरा वळवलाच नव्हता.

आपल्याकडे रेल्वे म्हणजे माणसं बसतात ती गाडी. मालगाडी म्हणजे फाटक बंद करणारी, डबे मोजून कंटाळा आणणारी, आपल्या पॅसेंजरला आउटरला उभी करणारी कटकट. वास्तविक रेल्वे जगते ती मालावर. तिच्या कमाईतला दोन तृतीयांशाच्या आसपासचा हिस्सा मालवाहतुकीतून येतो. वर्षाला १६० कोटी टनांहून जास्त माल ती वाहते आणि त्यातला जवळजवळ निम्मा नुसता कोळसा असतो. आपण तिकीट काढतो त्यात आपला प्रवासखर्चही पुरता निघत नाही, तो कोळसा भरून काढतो. तरी नव्या मार्गाची मागणी करताना निवेदनात असतं काय? ‘मुंबईला जाणारी एक्सप्रेस मिळावी, अमुक गाडीला थांबा मिळावा.’ ‘धान्याचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागेल असा मालधक्का मिळावा’ असं निवेदन घेऊन गेलेलं शिष्टमंडळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

माझी ही खोड आजोळची आहे. आजोळ कुर्डुवाडी. थोरले मामा रेल्वेच्या माल-ऑफिसात होते, गावात त्यांना मालबाबू म्हणत. त्या घरात जेवायला बसताना ‘आज किती लागल्या?’ असं विचारलं जाई आणि त्याचा अर्थ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, असा असे. मामांच्या सदऱ्याला सरकीचा आणि ज्यूटच्या पोत्यांचा मिळून एक वास येई. मामी तो सदरा वेगळा भिजवायच्या.

कुर्डुवाडी हे गाव म्हणून फार जुनं नाही, स्टेशन म्हणून जुनं आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची लाईन पुणे, दौंड करत १८६० साली सोलापूरला पोचली. पण बार्शी तिच्या वाटेत नव्हती. बार्शी तेव्हा मोठी पेठ. बालाघाटाच्या वरून, मराठवाड्यातून म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून कापूस, गळीत आणि धान्य तिथे उतरायचं. आणि बार्शीपासून रूळ तीसेक किलोमीटरवर. म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनला नाव पडलं ‘बार्शी रोड’. नाव बार्शीचं, बार्शी लांबच. तेवढ्या अंतरासाठी बैलगाड्यांचे तांडेच्या तांडे लागायचे आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की बाजार थांबायचा.

जीआयपीतल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने तिथे अडीच फुटी रूळ, म्हणजे दोन रुळांत अडीच फुटांचंच अंतर, टाकायचं डोक्यात घेतलं. त्याचं गणित साधं होतं आणि आजही मला ते कौतुकाचं वाटतं. रूळ हलका टाकला तर खर्च कमी, पण हलका रूळ जड चाकाने मोडतो. मग वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून द्यायचं. इंजिन असो, वाघीण असो, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा किरकोळ रूळसुद्धा भरपूर माल पेलतो. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे धावली. हाच हिशेब पुढे त्याने इंग्लंडमधल्या एका डोंगरी लाईनला वापरला. म्हणजे बार्शीत आधी आणि विलायतेत मागून. (हा गृहस्थ नंतर पॅराशूट बनवायच्या मागे लागला आणि बनवलंही. रेल्वेच्या इतिहासात असे लोक फार भेटतात, एका गोष्टीवर समाधान नाही.)

ती लाईन लोकांसाठी म्हणून टाकलेली नव्हती, मालासाठी होती. पण माल आला की माणसं येतातच. १९०६ला ती पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांनी भरली, अगदी मालाच्या वाघिणींतूनसुद्धा माणसं जायची. १९११ला लातूरला पोचली. १९२७ला दुसऱ्या टोकाला मिरज गाठलं. लातूर ही पेठ म्हणून जी वाढली त्यात या अडीच फुटी रुळाचा वाटा किती, हे कुणी नीट मोजलं पाहिजे. अडतीची दुकानं, डाळ मिल, तेलघाण्या, त्यांना लागणारे हमाल, त्यांना लागणाऱ्या खाणावळी. रूळ जिथे संपतो तिथे बाजार सुरू होतो. लातूर बरीच वर्षं त्या टोकाला होतं.

कुर्डुवाडीचं पोट मात्र वेगळ्याच गोष्टीवर चालायचं. छोट्या लाईनची वाघीण मोठ्या लाईनवर जाऊ शकत नाही. म्हणजे लातूरची तूर मुंबईला जायची तर कुर्डुवाडीत उतरवून परत चढवायची. मुंबईचं मीठ, सिमेंट, लोखंड लातूरला जायचं तर तेच उलट. दोन्ही वाघिणी समोरासमोर, मध्ये फळी, आणि फळीवरून दिवसभर पाठी. अख्खं गाव त्या फळीवर जगलं म्हटलं तरी चालेल. टोळ्या होत्या, मुकादम होते. कुठल्या टोळीला साखर द्यायची आणि कुठल्या टोळीला सिमेंट यावरून भांडणं होती. सिमेंट कुणालाच नको असे.

या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने ती छोटी लाईन काढून मोठी टाकली. कुर्डुवाडीतून पंढरपूर, मग लातूर-धाराशिवकडची बाजू, शेवटी पंढरपूर-मिरज. जुन्या गाडीच्या आठवणी काढून हळहळणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढता यायचं वगैरे. मी त्या हळहळीत नाही. ज्यांनी ते मोठ्या लाईनवरचं पोतं छोट्या लाईनवर टाकलं त्यांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. पन्नाशीत माणूस सरळ झोपू शकत नसे. फळी गेली हे चांगलंच झालं.

पण फळीबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती, आधीच, गुपचूप, आणि तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. मामांच्या सुरुवातीच्या काळात बुकिंगच्या खिडकीवर एक पोतंसुद्धा घेतलं जाई. शेंगांचं एक पोतं, औताचा एक फाळ, लग्नातली भांड्यांची पेटी. पावती मिळायची. ती टपालाने पलीकडे पाठवायची, पलीकडचा माणूस पावती दाखवून माल सोडवून घ्यायचा. दहा जणांचा दहा गावांचा माल एका वाघिणीत आणि वाटेत ठिकठिकाणी वाघिणी जोडायच्या, तोडायच्या. हे सगळं फार हळू चालायचं. माल हरवायचा, भिजायचा, उंदीर खायचे. १९८०च्या दशकात रेल्वेने हळूहळू हा सगळा किरकोळ कारभार आवरता घेतला. आता इथून तिथे अख्खी गाडी भरून द्या, मध्ये तोडजोड नाही. रेल्वेच्या बाजूने ते शहाणपणाचंच होतं. यार्डात आठ-आठ दिवस पडून राहणाऱ्या वाघिणी पळायला लागल्या.

फक्त अख्खी गाडी भरून देणार कोण?

रेक म्हणजे किती माल, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. एका बंद वाघिणीत साठेक टन. अशा चाळीस-बेचाळीस वाघिणी. म्हणजे झाला अडीच हजार टन. खताच्या ५० किलोच्या गोण्या धरल्या तर ५०,००० गोण्या. वीस टनांचे ट्रक धरले तर सव्वाशे ट्रक. एवढा माल एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, एकाच ठिकाणी. आणि रेक लागला की घड्याळ सुरू होतं. मोजक्या तासांत रिकामा करा नाहीतर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. माल धक्क्यावर पडून राहिला तर जागेचं वारफेज वेगळं. रेक रात्री दोनला लागला तर रात्री दोनला. माथाडी टोळ्यांना फोन जातात, कंदिलाऐवजी आता हॅलोजन असतो एवढाच फरक. खत कंपनी, सिमेंट कंपनी, अन्न महामंडळ, कोळसा लागणारं वीज केंद्र, मोठा साखर निर्यातदार यांना हे जमतं. सांगोल्याच्या तीन एकर डाळिंबवाल्याला, बार्शीच्या अडत्याला, कुर्डुवाडीच्या लोखंडाच्या दुकानदाराला जमत नाही. त्यांच्या दारावरून गाडी जाते. त्यांच्यासाठी थांबत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आज साधारण चौथा हिस्सा जातो. याला रस्ते सुधारले हे कारण आहेच. पण या दारावरून जाणाऱ्या गाडीचाही त्यात हात आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या मोठ्या लाईनचा गावाला उपयोग तो काय झाला? त्याचं उत्तर मला २०१६च्या एप्रिलमध्ये मिळालं, आणि ते असं मिळेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम लावायची वेळ आली. पाच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर टँकरवर किती दिवस जगणार? तेव्हा रेल्वेने पाणी न्यायचं ठरलं. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात तेलाच्या टाकी-वाघिणी वाफेने धुऊन काढल्या, मिरजेला आणल्या. मिरजेत कृष्णेचं पाणी. ११ एप्रिलला १० वाघिणींची पहिली गाडी निघाली, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. साडेतीनशेच्या आतबाहेर किलोमीटर. १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. मग मिरजेत स्टेशनपर्यंत खास जलवाहिनी टाकली, आणि ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. एका खेपेला २५ लाख लिटर. पावसाळ्यापर्यंत ती चालू होती.

मार्ग परत वाचा. धाराशिवचं वळण मोठी लाईन टाकताना आलं, तेवढं सोडलं तर ती बार्शी लाईटच आहे. कापसासाठी टाकलेली लाईन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मिरज-पंढरपूरचा तुकडा मोठा होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. तो तुकडा छोटाच राहिला असता तर ५० टाकी-वाघिणी कुर्डुवाडीत उभ्या करून काय करणार होतो? पाणी बादल्यांनी फळीवरून नेणार होतो?

या पाणीगाडीवर टीकाही झाली आणि ती योग्य होती. ऊस लावून भूजल संपवायचं आणि मग रेल्वेने पाणी मागवायचं हे काही नियोजन नव्हे. खर्चाचं बिल कुणी भरायचं यावरही चर्चा झाली. ते सगळं मान्य. पण मला त्यातून जे उमगलं ते वेगळं आहे. मालाची लाईन टाकताना कोणता माल जाईल हे टाकणाऱ्याला माहीत नसतं. कॅलथ्रॉपने कापूस धरला, वारकरी आले. लाईन मोठी करणाऱ्यांनी कोळसा-सिमेंट धरलं, पाणी गेलं. नव्या मार्गाचा फायदा-तोटा काढणारे अहवाल ‘अपेक्षित वाहतूक’ असा रकाना भरतात. त्यात २०१६चं पाणी कुठल्या वर्षी लिहायचं होतं?

दुसरी गोष्ट याच लाईनवरच्या सांगोल्याची. सांगोला म्हणजे पाण्याच्या नावाने शिमगा असलेला तालुका, पण त्याच कोरड्या हवेने डाळिंब असं धरलं की नाव झालं. डाळिंब पिकवणं एक आणि विकणं एक. जवळच्या बाजारात सगळ्यांचं एकदम आलं की भाव पडतो. भाव असतो पाटण्याला, कोलकात्याला, दिल्लीला. तिथपर्यंत ट्रक भरायचा तर एकट्याचा माल पुरत नाही, मग व्यापाऱ्याला बांधावरच द्यायचा, तो सांगेल त्या दराने.

२०२०च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद होत्या, रूळ मोकळे होते. ७ ऑगस्टला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल, म्हणजे शेतमालाची खास गाडी, निघाली. दीड हजार किलोमीटर, साधारण ३२ तास. पुढे सांगोल्याहून जोडगाडी सुरू झाली. वाटेत जेऊर, बेलवंडी, कोपरगाव असे थांबे शेतकऱ्यांच्या मागणीवरून वाढले. ऑक्टोबरपासून भाड्यात ५० टक्के अनुदान. आणि २८ डिसेंबर २०२०ला देशातली शंभरावी किसान रेल निघाली तीच मुळी सांगोल्याहून, पार बंगालमधल्या शालिमारला, दोन हजार किलोमीटरहून लांब. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने झेंडा दाखवला. त्या भाषणातली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. किसान रेलने गेलेलं सगळ्यात लहान पार्सल तीन किलो डाळिंबाचं होतं, आणि एका कोंबडीवाल्याने सतरा डझन अंडी पाठवली होती. लोकांनी त्यावर विनोद केले. मला मामांची बुकिंगची खिडकी आठवली. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेली ती खिडकी कुणीतरी परत उघडली होती.

सांगोल्याच्या एका बागायतदाराशी मागे निवांत बोलणं झालं. आमच्या नात्यातलेच, मी त्यांना आबा म्हणतो. त्यांना विचारलं, आबा, तेव्हा खरंच फरक पडला का?

“पडला की. ट्रकला चार दिवस लागायचे, तिथं दोन दिवसांत माल पोचायचा. फळ ताजं दिसायचं. आन मुख्य म्हणजे आपलं नाव क्रेटवर. पट्टी, म्हंजी विक्रीची पावती, आपल्या नावावर. व्यापारी बांधावर आला की मी म्हणायचो, देतो, पण एवढा दर द्या, न्हायतर परवा गाडी हाय. मी गाडीनं कायम पाठवला असं न्हाई. पण गाडी हाय म्हणता यायचं ना.”

हे शेवटचं वाक्य मला कुठल्याच अहवालात सापडलेलं नाही. सगळे अहवाल किती टन गेला ते सांगतात. दोन हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या, खानदेशात सावद्याहून केळी घेऊन मध्य रेल्वेची हजारावी किसान रेल ३ फेब्रुवारी २०२२ला दिल्लीच्या आदर्शनगरला गेली, हे आकडे आहेतच. पण न गेलेल्या मालालाही दोन रुपये जास्त मिळाले ते कुठल्या रकान्यात धरायचे? गाडी नुसती उभी आहे एवढ्यावर बांधावरचा सौदा बदलतो.

मग अनुदान आटलं. टाळेबंदी उठली, एक्सप्रेस गाड्या परतल्या, रूळ पुन्हा भरले. किसान रेल कधी येणार, कधी नाही, हे धड कळेनासं झालं आणि मग बहुतेक ठिकाणची थांबली. पुष्कळ जण म्हणतात, बघा, अनुदान होतं तोवर चाललं, म्हणजे मुळात परवडतच नव्हतं. मी आबांना हेही विचारलं. ते म्हणाले, “अनुदान ऱ्हाऊ द्या बाजूला. मंगळवारी गाडी म्हणलं की मंगळवारी आली पायजे. फळ काय वेळापत्रक बघून पिकतंय का?” पूर्ण भाडं परवडलं असतं असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. केळीचं आणि डाळिंबाचं गणित सारखं नाही. पण गाडी ठरल्या दिवशी येण्याला एक किंमत असते आणि ती शेतकरी द्यायला तयार असतो, एवढं नक्की.

रेल्वे स्वस्त, रेल्वे स्वच्छ, एका इंजिनात शंभर ट्रकचा माल, धूर कमी, अपघात कमी हे सगळं खरं आहे. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण ट्रकचीही बाजू आहे, आणि ती मालधक्क्यावर उभं राहिल्यावरच कळते. ट्रक बांधावर येतो. रात्री अकराला फोन करा, येतो. उधारीवर येतो. हुंडेकरी, म्हणजे ट्रक ठरवून देणारा, ओळखीचा असतो, डिझेल वाढलं तरी आधीच्या बोलीवर निभावतो. रेल्वेला माल द्यायचा तर बांधापासून स्टेशनपर्यंत टेम्पो, तिथे हमाली, पलीकडे उतरायची हमाली, परत टेम्पो. चार वेळा हात लागले की डाळिंब चार वेळा आपटतं. मधल्या हजार किलोमीटरमध्ये वाचवलेले पैसे दोन टोकांच्या दहा-दहा किलोमीटरमध्ये जातात. रेल्वे महाग असते ती दोन टोकांना.

आणि धक्क्याशेजारी राहणाऱ्यांना विचारा. सिमेंटचा रेक लागला की वाळत घातलेले कपडे राखी होतात. खताचा वास पावसाळ्यात घरात शिरतो. फाटक बंद असताना दवाखान्यात न्यायचं माणूस रिक्षात बसून राहतं. काही शहरांत लोकांनीच मागणी करून मालधक्के गावाबाहेर हलवायला लावले आहेत आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. धक्का झाकलेला, तळ काँक्रीटचा, रस्ता वस्तीतून न जाणारा, हमालांना पाणी आणि संडास, एवढं केलं असतं तर निम्म्या तक्रारी झाल्या नसत्या. माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला. तरी मध्यरात्री पन्नास हजार गोण्या उतरवणाऱ्या माणसाला हात धुवायला नळ नाही, अशी ठिकाणं आजही आहेत.

मोठ्या गोष्टी चालल्याच आहेत. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापासून दिल्लीच्या दारापर्यंत मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, त्यावर एकावर एक कंटेनर. २०२१च्या डिसेंबरात गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आलं. त्यात खासगी माणूस स्वतःच्या किंवा रेल्वेच्या जागेवर मालाचं टर्मिनल बांधू शकतो. चांगलं आहे. पण ते बांधणार ज्याच्याकडे रोजचा रेक आहे तो, पोलादवाला आणि सिमेंटवाला. माझ्या डोक्यात भलताच गिऱ्हाईक आहे, तालुक्याची बाजार समिती. तिच्याकडे शेड आहे, वजनकाटा आहे, हमाल-तोलारांची नोंद आहे, अडते आहेत. बार्शी, लातूर, सांगोला यांनी मिळून एक अर्धा रेक आठवड्यातून एकदा भरणं अशक्य नाही. राजकारण मध्ये येईल म्हणाल तर येईलच. बाजार समितीत राजकारण नसेल तर तिथे काय असणार?

ट्रक आणि रेल्वे यांची कुस्ती लावायचीही गरज नाही. कोकण रेल्वे १९९९पासून रायगडमधल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेते. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, घाट चुकतो, डिझेल वाचतं, पलीकडे ट्रक उतरून थेट गिऱ्हाइकाच्या दारात. दोन टोकं ट्रककडे, मधलं अंतर रेल्वेकडे. चार वेळा हात लावायचं कामच नाही. हे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच दारात जमलेलं आहे. देशावर कुणी मनावर घेतलं नाही.

मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. किसान रेलच्या बातम्या यायच्या तेव्हा त्यांना मी फोनवर सांगत असे. त्यांना पंतप्रधानांच्या झेंड्यात रस नव्हता. ‘पार्सल डब्यात २३ टन बसतात, भरायला किती माणसं लावतात? थांबा किती मिनिटांचा देतात?’ हेच विचारायचे. सांगोल्यासारख्या स्टेशनात हातांनी क्रेट चढवायला वेळ लागतो, एक्सप्रेसच्या दोन मिनिटांच्या थांब्यात किती चढणार, हा त्यांचा कायमचा आक्षेप. धोरणापेक्षा त्यांना मिनिटं महत्त्वाची वाटतात.

सध्या सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या मार्गाचं काम चालू आहे. ८० किलोमीटरच्या वर थोडा. बातम्या सगळ्या भवानीच्या दर्शनाला रेल्वेने जाता येईल अशा आहेत आणि नवरात्रातली गर्दी बघता ते खरंच व्हायला हवं. पण त्याच पट्ट्यात द्राक्षं आहेत, सोयाबीन आहे. त्या मार्गाच्या नकाशात स्टेशनं दाखवलेली असतात, तिथे स्टेशनापलीकडची जादा रुळाची रेघ आहे का, आणि ती अर्धा रेक उभा राहील एवढी लांब आहे का, हे विचारायची वेळ जमीन घेतली जात असताना असते. नंतर दोन्ही बाजूंना प्लॉट पडतात, त्यांचे दर वाढतात, आणि मालधक्का मागायला गेलं की जागा नाही असं लेखी उत्तर मिळतं. बीडच्या पुढे परळीपर्यंतचं काम अजून व्हायचं आहे. त्या वाटेवरच्या गावांनी एक्सप्रेसच्या थांब्याबरोबर निवेदनात ही एक ओळ घालावी. कागद तोच लागतो.